खेळामुळे खून झाला, ही बातमी कशी तयार होते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुमचा मुलगा नववीत आहे. दर शनिवारी दुपारी तो आणि त्याचे चार मित्र तुमच्या घरी जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. तुमच्या सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. एका जुन्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाचे तुकडे, त्यावर हिंदी निवेदन, आणि दावा असा की या खेळापायी तिकडे मुलांनी खून केले, आत्महत्या केल्या, मुलं सैतानाच्या नादी लागली. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी पुस्तकं आणि फासे कपाटात टाकून कुलूप लावलं. मुलगा चार दिवस कोणाशी धड बोललेला नाही, जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाही. तुम्ही विचारलंय की व्हिडिओतलं खरं आहे का आणि खेळ बंद करावा का.

मी स्वतः हा खेळ खेळत नाही. चोवीस वर्षं मराठी वर्तमानपत्रांत काढली, त्यातली पहिली नऊ क्राइम रिपोर्टर म्हणून, उरलेली डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून त्यांना शीर्षक देण्याच्या कामावर. त्यामुळे फाशांच्या नियमांबद्दल मला विचारू नका. ‘अमक्यामुळे खून’ हे शीर्षक कसं जन्माला येतं, ते मात्र मी आतून पाहिलंय आणि एकदा स्वतःही दिलंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो, हे आधीच सांगतो. एवढ्या मोठ्या वाहिनीवर, एवढ्या ठामपणे, रडणाऱ्या आईवडिलांना समोर बसवून सांगितलेली गोष्ट निराधार कशी असेल? त्यांच्या वयाचा माणूस छापून आलेल्या आणि पडद्यावर दिसलेल्या शब्दावर विश्वास ठेवत मोठा झालाय. म्हणून ‘काहीतरीच काय बाबा’ म्हणून त्यांना उडवून लावू नका. तो ठामपणा आला कुठून, ते त्यांच्यासमोर उलगडावं लागेल.

आधी खेळ. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून तो बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि आपलं पात्र आता काय करतंय ते बोलून सांगतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. शेवटी कोणी जिंकत नाही, गोष्ट पुढच्या शनिवारवर जाते. पण दाराबाहेरून जाणाऱ्याला ऐकू काय येतं? ‘मी त्याच्यावर वार करतो’, ‘तू मेलास’, ‘त्याच्या खिशात काय आहे बघ’. आणि टेबलावरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शिंगवाला राक्षस. ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही त्याला हे चमत्कारिक वाटणारच. त्या वाटण्यात गैर काही नाही. पुढे काय होतं ते महत्त्वाचं.

व्हिडिओतल्या भीतीची सुरुवात १९७९ च्या ऑगस्टमध्ये झाली. मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा एक अतिशय हुशार मुलगा वसतिगृहातून नाहीसा झाला. आईवडिलांनी टेक्सासहून विल्यम डिअर नावाच्या खासगी गुप्तहेराला बोलावलं. मुलगा हा खेळ खेळायचा. विद्यापीठाच्या इमारतींखालून वाफेच्या नळांचे बोगदे जातात, आणि तिथे उतरून काही विद्यार्थी खेळतात अशी कुजबुज होती. मुलाच्या खोलीत एका फलकावर टाचण्या टोचलेल्या सापडल्या. त्या टाचण्या म्हणजे बोगद्यांचा नकाशा असावा, खेळता खेळता मुलगा खालीच हरवला असावा, असा तर्क डिअरने बांधला आणि तो पत्रकारांना सांगितला. देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. जवळपास महिन्याभराने मुलगा लुइझियाना राज्यात जिवंत सापडला. बोगद्यात खेळताना तो हरवलेला नव्हता. तो आतून पार खचलेला होता. वयाच्या मानाने फार लवकर महाविद्यालयात ढकललेला, अपेक्षांच्या ओझ्याखाली, नशेच्या आहारी गेलेला, स्वतःच्या लैंगिकतेबद्दल कोणाशी बोलू न शकणारा मुलगा. पुढच्या वर्षी त्याने जीव दिला.

हे सगळं डिअरने स्वतःच लिहिलं, पण १९८४ मध्ये. त्या मुलाला आपण गप्प राहण्याचा शब्द दिला होता, असं त्याने सांगितलं. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती. दरम्यान १९८१ मध्ये त्या घटनेवर बेतलेली कादंबरी आणि १९८२ मध्ये तिच्यावरचा टीव्हीपट येऊन गेला होता, ज्यात तरुण टॉम हँक्स खेळाच्या भ्रमात हरवून जाणारा विद्यार्थी झाला होता. लोकांच्या मनात बोगदा राहिला. मुलगा राहिला नाही.

टाचण्यांवरून मी डिअरला हसत नाही. मीही अशा खोल्यांत उभा राहिलोय. पोलीस पंचनामा करत असतात, तुम्ही दाराशी वही घेऊन उभे असता. आत पलंग, गादी, दप्तर, क्लासच्या नोट्स, औषधाची एखादी पट्टी, कपडे. डोळा यातल्या कशावर थांबत नाही, कारण हे सगळं तुमच्याही घरात आहे. तो थांबतो अनोळखी वस्तूवर. विचित्र चित्राचं पोस्टर, कवटीची अंगठी, वीस बाजूंचा फासा. मग तुम्ही पोलीस अधिकाऱ्याला विचारता, ‘साहेब, हे काय?’ तो म्हणतो, ‘तपास सुरू आहे, त्या अँगलनेही बघू.’ संपलं. उद्याच्या बातमीत ‘त्या दिशेनेही तपास सुरू’ हे वाक्य येतं. अधिकारी खोटं बोललेला नसतो, रिपोर्टरनेही खोटं लिहिलेलं नसतं. पण औषधाच्या पट्टीबद्दल कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ती बातमीत नसते.

यापुढचा टप्पा डेस्कचा. रात्री पान सोडायची वेळ झालेली असते. शीर्षकाला जागा सात-आठ शब्दांची. ‘दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या आणि उपचार न मिळालेल्या विद्यार्थ्याने’ हे तिथे मावतच नाही. खेळाचं नाव मावतं. आणि खरं कारण सांगू शकणारी माणसं, म्हणजे आई, वडील, जवळचा मित्र, त्या रात्री बोलण्याच्या अवस्थेत नसतात. त्यांना बोलतं करायला जाऊही नये. मग जे बोलायला तयार असतात त्यांचं छापून येतं: सोसायटीतले शेजारी, लांबचा नातेवाईक, स्टुडिओत बसलेला कोणी ‘तज्ज्ञ’.

आरोपपत्र यायला पुढे ६० किंवा ९० दिवस लागतात. आत्महत्येत तर बहुतेकदा अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि ती फाइल शांतपणे बंद होते. तोवर रिपोर्टर दहा नव्या बातम्यांवर गेलेला असतो. पहिल्या दिवशीचा अंदाज आणि शेवटच्या दिवशीचा निष्कर्ष यात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी वाचकाकडे अंदाजच राहतो. माझ्या मते ही या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती करायला कोणाचा वाईट हेतू लागत नाही.

आता तुमच्या सासऱ्यांच्या व्हिडिओतली बाई. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते तुकडे १९८५ च्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमातले असावेत आणि ती बाई म्हणजे पॅट्रिशिया पुलिंग. १९८२ मध्ये तिच्या किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली. तो शाळेत हा खेळ खेळायचा, आणि खेळात त्याच्या पात्राला मिळालेल्या शापामुळे त्याने जीव दिला, असं तिचं मत झालं. तिने शाळेच्या मुख्याध्यापकावर दावा लावला, न्यायालयाने तो फेटाळला. मग १९८३ मध्ये तिने या खेळाविरुद्ध संघटना काढली, पत्रकं वाटली, पोलिसांसाठी वर्ग घेतले, न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून उभी राहिली. मुलाच्या अडचणी खेळाबाहेरच्याही होत्या, असं त्याच्या वर्गातून तेव्हाच सांगितलं गेलं होतं. पण पोटचं पोर गेलेल्या आईला कारण हवं असतं. त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये, मी तर नाहीच लावणार. जाब विचारायला हवा तो तिच्या हाती माइक देऊन पुढचा प्रश्न न विचारणाऱ्यांना.

कारण पुढचे प्रश्न साधे होते. मायकेल स्टॅकपोल नावाच्या खेळांच्या एका लेखकाने १९९० मध्ये तिच्या दाव्यांची एकेक करून छाननी केली, तेव्हा काय निघालं बघा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड परिसरातले ८ टक्के लोक सैतानपंथात आहेत असं तिने एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं. हा आकडा कसा आला, तर किशोरांतले ४ टक्के आणि प्रौढांतले ४ टक्के, बेरीज ८. टक्क्यांची अशी बेरीज होत नाही हे तुमच्या नववीतल्या मुलालाही माहीत आहे. खेळाशी संबंधित मृत्यूंच्या ज्या याद्या तिची संघटना फिरवायची, त्या मुख्यतः वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून केलेल्या होत्या. म्हणजे रिपोर्टरने कुजबुज छापायची, संघटनेने ते कात्रण यादीत घ्यायचं, आणि पुढच्या मृत्यूच्या वेळी रिपोर्टरने संघटनेला फोन करून ‘असे आधीही किती प्रकार झालेत’ म्हणून तीच यादी छापायची. हे चक्र मी आपल्याकडेही फिरताना पाहिलंय.

आता एक हिशेब, तो सासऱ्यांसमोर कागदावर मांडा. त्या काळात हा खेळ खेळणाऱ्यांची संख्या ३० लाखांच्या घरात सांगितली जायची. त्याच काळात अमेरिकेत १५ ते २४ वयोगटात वर्षाला दर लाखामागे साधारण १२ आत्महत्या व्हायच्या. म्हणजे खेळाचा काडीचाही परिणाम होत नाही असं धरलं, तरी ३० लाख मुलांमध्ये वर्षाला ३६० आत्महत्या दिसायला हव्यात. खेळणाऱ्यांत बरीच मुलं १५ पेक्षा लहान होती, त्या वयात प्रमाण कमी असतं, म्हणून हा आकडा निम्मा करा, हवं तर चौथाई करा. तरी वर्षाला ९० उरतात. खेळाविरुद्धच्या याद्यांमध्ये कित्येक वर्षांचे मिळून काही डझन प्रकार होते, आणि त्यात खूनही धरलेले. एवढ्यावरून खेळ मुलांना वाचवतो असं मी म्हणणार नाही, कारण त्या याद्या अर्धवटच होत्या. पण खेळ मारतो असं तर त्यातून मुळीच निघत नाही. ज्या गोष्टीत लाखो मुलं रमतात, तिच्यात दुःखी मुलंही असणार. क्रिकेट खेळणाऱ्यांत असतात, क्लासला जाणाऱ्यांत असतात. क्लासला मात्र आपण शीर्षकात बसवत नाही.

आता माझी चूक. २०१७ च्या जुलैअखेर मुंबईच्या एका उपनगरात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. त्या रात्री मी डेस्कवर होतो. आमच्या रिपोर्टरच्या कॉपीत, मुलाच्या मित्रांमध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या, मुलांना आत्महत्येकडे ढकलतो अशी वदंता असलेल्या ऑनलाइन खेळाची चर्चा असल्याचं एक वाक्य होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तो शब्द उचलून शीर्षकात मी घातला, पुढे प्रश्नचिन्ह दिलं. प्रश्नचिन्ह दिलं की आपली जबाबदारी संपते असं तेव्हा वाटायचं. दोन दिवसांत सगळीकडे तेच नाव. ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक वगैरे कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढायला सांगणारी पत्रं पाठवली. शाळांनी सूचना काढल्या, मुलांच्या हातावर माशाचं चित्र तर नाही ना, हे पालकांनी तपासलं. देशभरात पुढचे काही महिने कोणत्याही मुलाने जीव दिला की पहिला प्रश्न ब्लू व्हेलचाच. मग सरकारने समिती नेमली. तिने इंटरनेटवरचे व्यवहार, फोन, समाजमाध्यमं, न्यायवैद्यक पुरावे तपासले, आणि २०१८ च्या सुरुवातीला सरकारने लोकसभेत सांगितलं की यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही. ती बातमी आमच्याकडे आतल्या पानावर लागली, सिंगल कॉलम.

त्या मुलाच्या आईवडिलांनी माझं शीर्षक वाचलं असेल का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. आणि त्याच महिन्यांत मुंबईत, पुण्यात, नाशकात ज्या घरांत एखादं पोर खरोखर खचत चाललं होतं, तिथले पालक त्याच्या हातावर माशाचं चित्र शोधत बसले असतील. चित्र नाही म्हणून निश्चिंत झाले असतील. अशा बातम्यांनी खेळापेक्षा मुलाचं नुकसान जास्त होतं, असं मी आज म्हणतो ते यामुळे.

नंतर पबजीचं तेच झालं. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटला बंदी असताना तो खेळल्याबद्दल पोलिसांनी विद्यार्थ्यांना अटकसुद्धा केली होती. त्यात खोलात जात नाही.

तुम्ही विचाराल, म्हणजे खेळ खेळणाऱ्याने कधी खून केलाच नाही का? केलाय. १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉशिंग्टन नावाच्या लहान शहरात एका माणसाचा झोपेत खून झाला, त्याची बायको गंभीर जखमी झाली. तपासात सावत्र मुलगा आणि त्याचे महाविद्यालयातले दोन मित्र सापडले. तिघं एकत्र हाच खेळ खेळायचे, त्यांच्या विद्यापीठाच्या बोगद्यांतही उतरायचे. बातम्यांना याहून काय हवं होतं? पण घराचा नकाशा काढून देणाऱ्या त्या मुलाला काय हवं होतं, तर वारसा. सावत्र बापाची मालमत्ता सुमारे २० लाख डॉलरची होती. वारशासाठी झालेले खून मी कोर्टात बसून ऐकलेत. त्यातले आरोपी एकमेकांना तालमीत भेटले होते, एका कंपनीत भेटले होते, एकदा तर भजनी मंडळात. ओळख कुठे झाली आणि खून कशासाठी झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्राइम रिपोर्टरला पहिल्या वर्षी हे शिकवायला हवं.

हे प्रश्न एकत्र केले तर काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो आणि पुढे जातो. १९९३ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावी आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. संशय तीन किशोरांवर गेला. त्यांच्यातला एक काळे कपडे घालायचा, हेवी मेटल ऐकायचा, गूढविद्येची पुस्तकं वाचायचा. खटल्यात सैतानी विधींचा तज्ज्ञ म्हणून जो माणूस उभा केला, त्याची डॉक्टरेट पत्रव्यवहाराने घरबसल्या मिळवलेली होती. तिघांना १९९४ मध्ये शिक्षा झाली, एकाला मृत्युदंड. नंतरच्या डीएनए तपासणीत घटनास्थळी त्यांचा मागमूस निघाला नाही. २०११ मध्ये एका कायदेशीर तडजोडीने ते सुटले, १८ वर्षांनी. आणि २००१ मध्ये ब्राझीलमधल्या ओरो प्रेतो शहरात एका तरुणीचा खून झाला, मृतदेह दफनभूमीत सापडला. रोल-प्लेइंग खेळातला विधी म्हणून पोलिसांनी आणि माध्यमांनी तो देशभर गाजवला. २००९ मध्ये ज्यूरीने चारही आरोपींना निर्दोष सोडलं. दोन्हीकडे खरा खुनी कोण, हा प्रश्न तसाच राहिला. चार लेकरांच्या आईबापांना न्याय मिळाला नाही, कारण बघणारे दुसरीकडेच बघत होते.

आता तुमच्या घराकडे येतो. इथे मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही, कारण बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमच्या घरी, तुमच्या ओळखीची चार मुलं, दुपारच्या वेळी खेळतात, हे मला उत्तम वाटतं. तोच मुलगा रात्री दोन वाजता अनोळखी प्रौढांबरोबर ऑनलाइन खेळत असता, तर मी म्हटलं असतं की आधी ती माणसं कोण ते बघा. त्यात दोष खेळाचा नसतो, अनोळखी माणसांचा आणि जागरणाचा असतो. गोष्टीत रक्तपात किती असावा हेही वयावर आहे. खेळणाऱ्यांमध्ये पहिल्या बैठकीला ‘सेशन झीरो’ म्हणतात. काय चालेल आणि कोणता विषय टेबलावर आणायचा नाही, ते तिथे आधीच ठरवतात. मुलांनी ती बैठक घेतली होती का, विचारा. नसेल तर घ्यायला सांगा. हा खेळ काढणाऱ्या कंपनीने स्वतःच त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पालकांच्या रोषापायी राक्षस आणि सैतानांची नावं बदलून टाकली होती, हेही सासऱ्यांना सांगा. नावं बदलली तरी खेळ तोच राहिला.

आणि मूल आधीच मनाने ढासळत असेल, तर ते ढासळणं त्याच्या खेळातही डोकावेल. त्याच्या वहीत, त्याच्या चित्रांत, त्याच्या गाण्यांतही डोकावतं. ते दिसलं तर वही जप्त करून काय मिळणार? झोप पार बिघडणं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, ‘माझ्यावाचून कोणाचं काय अडतंय’ असलं बोलणं, मित्र तोडणं, यांकडे लक्ष द्या. हा खेळ सहसा एकट्याने खेळत नाहीत. त्यामुळे मुलाने शनिवारी खेळायला बसणं अचानक आपणहून सोडलं, तर मी जास्त घाबरेन. असं काही जाणवलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

सासऱ्यांशी बोलताना व्हिडिओ खोटा आहे असं म्हणू नका. त्यातली आई खरी आहे, तिचं दुःख खरं आहे. त्यांना फक्त तीन गोष्टी विचारायला सांगा, ज्या मी आता प्रत्येक नव्या रिपोर्टरला विचारतो. खेळाचा संबंध आहे हे नाव देऊन कोणी सांगितलं, की ‘सूत्रांनी’? ही पहिल्या दिवसाची बातमी आहे की तपास संपल्यानंतरची? आणि त्या मुलाच्या आयुष्यात आणखी काय चाललं होतं, याबद्दल बातमीत एक तरी ओळ आहे का? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापाशीच बातमी कोसळते. आत्महत्येमागे एकच सोपं कारण दाखवू नका, हे जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना कधीपासून सांगत आलीय. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये तिच्या धर्तीवर नियम काढले. ते पाळले जात नाहीत, आणि त्यासाठी वाचकांनी संपादकांना पत्रं लिहायला हवीत असं मला फार वाटतं. आमच्यावर त्याचा परिणाम होतो. रोजची दोन पत्रं आली तरी बैठकीत विषय निघतो.

राहिला तुमचा मुलगा. तुम्ही दहा ओळी खेळाबद्दल लिहिल्यात आणि तो चार दिवस बोलत नाही, हे एका ओळीत. माझ्यासाठी ती एक ओळच खरी बातमी आहे. बहुधा तो नुसता रागावलाय. त्याला न विचारता त्याची वस्तू कुलपात गेली आणि त्याच्यावर खुन्याचा संशय घेतला गेला, असं त्याला वाटत असणार. पण ‘बहुधा’ हा शब्द माझा आहे, खात्री तुम्ही करून घ्यायची आहे. कपाटाची किल्ली सासऱ्यांकडून मागून घ्या. पुस्तकं त्यांनी स्वतःच्या हाताने परत दिली तर फार चांगलं. आणि द्यायला जाल तेव्हा खेळाचा विषय काढू नका. शाळेत काय चाललंय, झोप लागते का, कोणाशी बिनसलंय का, एवढंच विचारा आणि तो बोलेपर्यंत तिथे बसून राहा. शनिवारी सासऱ्यांना टेबलाच्या कडेला एक खुर्ची द्या, तासभर नुसतं ऐकू दे. मुलांची हरकत नसेल तर त्यांच्या हातात एक फासाही द्या.

तो बोलला का, ते कळवा.